जुनं कार्पेट काढणं आणि नव्याचं माप घेणं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

भिंतीपासून भिंतीपर्यंत लावलेलं कार्पेट पाहिलं की ते जमिनीला कायमचं चिकटवलेलं असावं असं वाटतं. बहुतेक घरांत तसं नसतं. खोलीच्या चारही कडांना, भिंतीपासून जेमतेम बोटभर अंतरावर, इंचभर रुंदीची लाकडी पट्टी ठोकलेली असते. तिच्यातून बारीक खिळ्यांची टोकं वर आलेली असतात आणि ती भिंतीकडे कललेली असतात. कार्पेट ताणून या टोकांवर अडकवतात. मधे ते नुसतं अंथरलेलं असतं, खाली स्पंजासारखा अंडरले असतो, बस्स. कडा सोडवल्या की सगळं सुटतं. म्हणून मी ठामपणे सांगतो की हे काम ताकदीचं नाही, क्रमाचं आहे. क्रम पाळला तर कधी हातोडी न धरलेला माणूसही एक खोली नीट मोकळी करू शकतो.

मापाबद्दल मात्र उलटी गोष्ट आहे. ते सगळ्यांना सोपं वाटतं. लांबी गुणिले रुंदी, झालं! पण कार्पेट क्षेत्रफळावर विकत मिळत नाही, ठरावीक रुंदीच्या रोलमधून कापून मिळतं. हा फरक न कळल्यामुळे लोक एक तर कमी मागवतात, नाही तर विनाकारण जास्त पैसे मोजतात. त्याकडे पुढे सविस्तर येऊच.

आधी एक कोपरा उचलून बघा

कामाचा दिवस ठरवण्याआधीच हे करा. शक्यतो कपाटाच्या आतला किंवा दाराआडचा कोपरा निवडा, म्हणजे काम पुढे ढकललं तरी उघडा पडलेला भाग दिसणार नाही. कोपऱ्यातली लव, म्हणजे कार्पेटचे वरचे उभे धागे, पक्कडीत घट्ट धरा आणि उचला. खाली काय आहे ते तीन प्रश्नांनी बघायचं. कार्पेट पट्टीवर अडकवलंय की गोंदाने चिकटवलंय? अंडरले वेगळा आहे की कार्पेटच्या पाठीलाच रबराचा थर आहे? आणि सगळ्यात खाली लाकूड आहे, काँक्रीट आहे की जुन्या लाद्या?

लाद्या निघाल्या तर थांबा. 1980 च्या आसपास किंवा त्याआधी बांधलेल्या घरांत, विशेषतः 9 इंच बाय 9 इंचाच्या जुन्या विनाइल लाद्यांमध्ये आणि त्याखालच्या काळ्या, डांबरासारख्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. लादी अखंड असेपर्यंत ते फारसं त्रास देत नाही. फोडलं, खरवडलं किंवा घासलं की त्याचे तंतू हवेत मिसळतात आणि फुप्फुसांत कायमचे रुततात. डोळ्यांनी बघून ते ओळखता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत त्या जमिनीला हात लावू नका. त्याच काळातल्या घरात स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या, रंगात शिसं असण्याची शक्यता असते, त्यामुळे तो रंगही कोरडा घासू नका. या एका बाबतीत मी कुणालाही धाडस करायला सांगणार नाही.

घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती आधी घ्या.

जुन्या कार्पेटकडून शिकून घ्या

काढण्यापूर्वी खोलीचा फोटो काढा आणि जुन्या कार्पेटवर हात फिरवा. एका दिशेने लव मऊ बसते, उलट्या दिशेने उभी राहते. ती कोणत्या बाजूला झुकलीय ते कागदावर बाण काढून लिहून ठेवा. जोड कुठे आहे, तो विरलाय का, सगळ्यात जास्त झीज कोणत्या वाटेवर आहे, हेही टिपा. बसवणाऱ्या माणसाने ही खोली कशी सोडवली होती ते इथे आयतंच दिसतं. त्याने जोड दाराच्या तोंडाशी घेतला असेल आणि तिथेच धागे निघाले असतील, तर नव्या वेळी काय टाळायचं हे तुम्हाला कळलं.

हत्यारं

कटर आणि त्याची भरपूर नवी पाती. पाती भरपूर हवीत हे मुद्दाम सांगतोय, कारण कार्पेटची पाठ पातं फार लवकर बोथट करते आणि बोथट पात्यावर जोर देताना हात घसरून जखम होते. एक मजबूत पक्कड, छोटी पहार, हातोडी, रुंद पात्याची पटाशी किंवा खरवडणी, स्क्रू ड्रायव्हर, रुंद चिकटपट्टी किंवा सुतळी, झाकणाची एक बादली. अंगावर जाड हातमोजे, जाड तळव्याचे बूट, डोळ्यांना संरक्षक चष्मा, गुडघ्यांना पॅड आणि एन-95 मास्क. साधा कापडी मास्क पुरत नाही. वर्षानुवर्षांची बारीक धूळ कार्पेटच्या खाली झिरपून बसलेली असते आणि पहिली घडी उलटताच ती वर येते.

काढायला सुरुवात

खोली पूर्ण रिकामी करा. अर्धं सामान एका बाजूला सरकवून काम करता येईल असं वाटतं, पण कापलेल्या गुंडाळ्यांना जागा लागते आणि मग सगळंच अडतं. दार आत उघडत असेल तर बिजागरातून काढून बाजूला ठेवा. कार्पेट एकदा व्हॅक्यूमने साफ करा, खिडक्या उघडा, आणि घरात आत जाणाऱ्या दारावर जुनी चादर लावा. कार्पेटवर पाण्याचा हलका फवारा मारला तर धूळ कमी उडते. ओलं करायचं नाही, ओलसरच, नाही तर वजन वाढतं.

दाराशी जिथे कार्पेट संपतं तिथे बहुधा धातूची पट्टी असते. तिचे स्क्रू किंवा खिळे काढून ती आधी सोडवा. नंतर कोपरा पकडा. इथे खिळ्यांचा कल लक्षात ठेवा. टोकं भिंतीकडे वळलेली आहेत, त्यामुळे खोलीच्या मध्याकडे ओढलंत तर ती कार्पेट आणखी घट्ट धरतात. सरळ वर, किंचित भिंतीच्या अंगाने उचललंत तर कर्रकर्र आवाज करत एकेक टोक सुटत जातं. कोपरा हातात आला की पक्कड बाजूला ठेवा आणि दोन्ही हातांनी भिंतीच्या कडेकडेने पुढे जा. बोटं पट्टीच्या वर ठेवायची, खाली कधीच नाही.

एक पूर्ण बाजू सुटली की ती आत दुमडा. आता कार्पेटची पाठ वर आहे आणि तिच्याखाली कार्पेटच आहे. कापायचं ते असंच, पाठीकडून. पाठीकडून पातं सरळ जातं, लवेत अडकत नाही, आणि चुकून खोल गेलं तरी ते जुन्या कार्पेटमध्ये जातं, जमिनीवर ओरखडा येत नाही. खाली चांगली लाकडी जमीन निघण्याची शक्यता असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. अडीच ते तीन फूट रुंदीचे पट्टे करा. प्रत्येक पट्टा कापला की लगेच गुंडाळा, दोन ठिकाणी बांधा आणि बाहेर न्या. अख्खं कार्पेट एकदम गुंडाळायचा मोह होतो, पण ती गुंडाळी दाराच्या वळणावर अडकते आणि पाठीला झटका बसतो.

अंडरले त्यानंतर. लाकडी जमिनीवर तो पिनांनी ठोकलेला असतो, काँक्रीटवर बहुतेक वेळा गोंदाने. तोही पट्ट्यांत कापून गुंडाळा. तो निघून येतो, पिना मागे राहतात, आणि कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग इथे सुरू होतो. पिना पक्कडीने एकेक काढाव्या लागतात. सगळ्या निघाल्या की नाही हे बघायला पटाशीचं पातं आडवं धरून जमिनीवरून सावकाश सरकवा. राहिलेल्या पिनेला लागलं की टिक् आवाज येतो. काँक्रीटवर उरलेला गोंद लांब दांड्याच्या खरवडणीने काढा. ज्वलनशील द्रावणं वापरू नका, बंद खोलीत तर अजिबातच नाही.

खिळ्यांच्या पट्ट्यांचं काय? पुन्हा कार्पेटच घालणार असाल तर घट्ट बसलेल्या, न कुजलेल्या पट्ट्या तशाच राहू द्या. उगाच काढून नव्या ठोकल्या तर जमिनीला नवी भोकं पडतात, फायदा काही नाही. गंज चढलेल्या, काळ्या पडलेल्या, हलणाऱ्या किंवा पाळीव प्राण्याच्या लघवीचा वास येणाऱ्या पट्ट्या मात्र बदला. जमीन उघडी ठेवायची असेल किंवा लाकूड, लादी बसवायची असेल तर सगळ्या काढा. पहारीचं टोक प्रत्येक खिळ्याच्या अगदी शेजारी घालून उचला. काँक्रीटवर खिळ्याबरोबर टवका निघतो. तो नंतर दुरुस्तीच्या मसाल्याने भरा. काढलेली पट्टी क्षणभरही जमिनीवर टाकून ठेवू नका. थेट बादलीत टाका आणि झाकण लावा.

कार्पेट गोंदाने पूर्ण चिकटवलेलं असेल तर पट्टे अरुंद करा, अर्धा ते एक फूट. रुंद पट्टा ओढायला जी ताकद लागते ती माणसाकडे नसते. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून खरवडणी घालत यायचं.

जिन्यावर वरच्या पायरीपासून खाली उतरत या. पिना बहुतेक पायरीच्या पुढे आलेल्या ओठाखाली आणि उभ्या फळीच्या तळाशी असतात, तिथे आधी हात घाला. जिना मोकळा होईपर्यंत लहान मुलांना आणि वृद्धांना वर-खाली करू देऊ नका.

कचऱ्याचं आधी विचारून ठेवा. अनेक ठिकाणी एवढं मोठं सामान नेहमीच्या कचऱ्यात घेत नाहीत. कार्पेट आणि अंडरले वेगळे बांधले तर पुनर्वापरासाठी घेतले जाण्याची शक्यता वाढते.

जमीन उघडी असताना

ही संधी पुढची दहा-पंधरा वर्षं पुन्हा मिळणार नाही. खोलीभर हळूहळू चाला. जिथे जमीन कुरकुरते तिथे खडूने खूण करा आणि फळी खालच्या तुळईला स्क्रूने आवळा. खिळा ठोकला तर तो काही महिन्यांत पुन्हा सैल होतो, स्क्रू धरून ठेवतो. त्याआधी तिथून वायर किंवा पाइप जात नाही ना, एवढं बघा. डाग दिसले तर ते जुने आहेत की ओल अजून येतेय ते तपासा. काँक्रीटवर यासाठी सोपी चाचणी आहे. साधारण दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतून थेंब जमले किंवा खालचं काँक्रीट गडद झालं तर ओल खालून वर येतेय. ती थांबवल्याशिवाय नवीन कार्पेट घालणं म्हणजे बुरशीला अंथरूण घालणं.

लाकडात प्राण्याच्या लघवीचा वास मुरला असेल तर नुसतं पुसून भागत नाही. साफ करा, पूर्ण वाळवा आणि वास अडवणारा सीलर लावा. भिंती आणि स्कर्टिंग रंगवायचे असतील तर तेही आत्ताच. सांडलेल्या रंगाची काळजी करायची नाही, हा आनंद रंगवताना क्वचित मिळतो.

माप घेताना

अंदाजासाठी एक माप कार्पेट काढण्याआधी घ्यायला हरकत नाही. पण ऑर्डर देण्याचं माप खोली मोकळी झाल्यावरच घ्या. आणि जुनं कार्पेट जमिनीवर पसरून त्यावरून माप घेऊ नका. ते ताणून बसवलेलं होतं, कडेने छाटलेलं होतं, सुटल्यावर त्याचा आकार बदललेला असतो.

खोलीचा कच्चा नकाशा काढा. दारं, खिडक्या, कोनाडे, भिंतीतून पुढे आलेले खांब, सगळं दाखवा. सुंदर असण्याची गरज नाही, पण एकही बाजू सुटता कामा नये. पोलादी टेप घ्या, कापडी टेप ताणला जातो. एकच एकक ठेवा, सेंटिमीटर असेल तर सगळीकडे सेंटिमीटर. लांबी एकदाच मोजून थांबू नका. दोन्ही कडांना आणि मधे अशी तीनदा मोजा, रुंदीचंही तसंच. खोल्या क्वचितच गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, असतात. दोन्ही कर्ण मोजून पाहा, त्यांत फरक आला तर खोली तिरकी आहे. तीन मापांपैकी सगळ्यात मोठं माप धरायचं. दाराशी माप चौकटीपर्यंत नाही, तर बंद दाराच्या जाडीच्या मध्यापर्यंत घ्या, कारण दार बंद असताना दोन्ही खोल्यांतून दुसऱ्या खोलीचं कार्पेट दिसू नये. कोनाडा असेल तर खोलीची रुंदी कोनाड्याच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते.

मग छाटणीसाठी प्रत्येक बाजूला सुमारे 5 सेंटिमीटर, म्हणजे लांबीत 10 आणि रुंदीत 10 मिळवा.

आता खरी गंमत. समजा खोली 4.25 मीटर बाय 3.40 मीटर आहे. क्षेत्रफळ 14.45 चौरस मीटर. छाटणी धरून आपल्याला 4.35 बाय 3.50 चा तुकडा लागतो. रोल 4 मीटर रुंदीचा असेल तर 3.50 त्या रुंदीत बसतात आणि 4.35 मीटर लांबी कापून मिळते. पण रोल पूर्ण रुंदीत कापला जातो, म्हणून तुम्ही 17.40 चौरस मीटरचे पैसे देता. तेच कार्पेट 12 फुटी, म्हणजे 3.66 मीटर रुंदीच्या रोलमध्ये मिळालं तर हिशेब 15.92 चौरस मीटरवर येतो. एकाच खोलीत दीड चौरस मीटरचा फरक, तोही फक्त रोलच्या रुंदीमुळे. म्हणून दुकानात पहिला प्रश्न रंगाचा नाही, रोलची रुंदी किती हा विचारा.

रोलपेक्षा खोली रुंद असेल तर जोड येणारच. तो कुठे यावा हे तुम्ही ठरवा, कापणाऱ्यावर सोडू नका. दाराच्या तोंडाशी नको, चालण्याच्या वाटेवर नको; पलंगाखाली किंवा जड कपाटाखाली आला तर उत्तम. मोठ्या खिडकीकडून येणाऱ्या प्रकाशाच्या दिशेने धावणारा जोड कमी दिसतो, आडवा जोड सावली पाडतो. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेने असली पाहिजे. लवेची दिशा उलटी झाली तर एकाच रोलमधले दोन तुकडे वेगवेगळ्या रंगाचे वाटतात. त्यामुळे रोलमधला उरलेला पट्टा वळवून बसवता येईल असा हिशेब करून पैसे वाचवायला जाऊ नका. शेजारच्या खोलीत तेच कार्पेट असेल तर तिथेही हीच दिशा. नक्षी असेल तर ती किती अंतराने पुन्हा येते ते विचारा आणि जोड असलेल्या प्रत्येक तुकड्याच्या लांबीत तेवढं अंतर वाढवा.

इंग्रजी एल अक्षरासारख्या खोलीत दोन पर्याय असतात: पूर्ण चौकोन घेऊन कोपरा कापून टाकायचा, किंवा दोन तुकडे जोडायचे. दोन्हींचा हिशेब कागदावर मांडा. किमतीत थोडाच फरक असेल तर मी नेहमी अखंड तुकड्याच्या बाजूने असेन. जोड कितीही कुशलतेने केला तरी घासून उघडण्याची सुरुवात तिथूनच होते.

जिन्यासाठी लवचीक टेप किंवा सुतळी वापरा. आडव्या पायरीच्या आतल्या कोपऱ्यापासून सुरू करा, ओठावरून वळवा आणि उभ्या फळीच्या तळापर्यंत आणा. एका पायरीचं माप 47 सेंटिमीटर आलं आणि 13 पायऱ्या असल्या तर 6.11 मीटर, वर छाटणी. वळणाच्या पायऱ्या प्रत्येकी वेगळ्या मोजा आणि सगळ्यात रुंद भागाचा पूर्ण चौकोन धरा. जिन्यावर लव खालच्या दिशेने झुकलेली असावी.

कार्पेट टाइल घेणार असाल तर क्षेत्रफळाला भागून संख्या काढू नका, रांगा मोजा. वरच्याच खोलीत 50 सेंटिमीटरच्या टाइल लांबीत 9 आणि रुंदीत 7 लागतात, म्हणजे 63. क्षेत्रफळावरून 58 निघतात, आणि तेवढ्या आणल्या तर शेवटच्या रांगेत जमीन उघडी राहते.

अंडरले जमिनीच्या क्षेत्रफळावर घेता येतो, त्याचे जोड दिसत नाहीत. नव्या पट्ट्या लागणार असतील तर खोलीचा घेर मोजून दारांची रुंदी वजा करा. आपल्या खोलीला घेर 15.30 मीटर, 90 सेंटिमीटरचं एक दार सोडून 14.40.

एक माप जवळपास सगळे विसरतात, ते उंचीचं. नवीन कार्पेट आणि नवीन अंडरले यांची मिळून जाडी दुकानात नमुन्यावर मोजा आणि दाराखालच्या फटीशी ताडून पाहा. फट कमी पडत असेल तर दार आधीच रंधा मारून घ्या, कारण कार्पेट बसल्यावर दार घासत उघडलं तर नवी लव पहिल्याच महिन्यात झोपते.

ऑर्डर देताना नकाशाची प्रत द्या, लवेचे बाण आणि जोडाची जागा त्यावर दाखवून. सगळ्या खोल्यांचा माल एकाच रंगाईतला मागा; दोन वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या मालात छटा बदलते आणि ती बसवल्यावर लपत नाही. माल आला की गुंडाळीवरचा क्रमांक आणि रुंदी तपासूनच सही करा. कार्पेट बसवण्यापूर्वी त्याच खोलीत, नेहमीच्या तापमानात, एक दिवस ठेवा. छाटणीतून निघालेले मोठे तुकडे कपाटात जपून ठेवा, पुढे जळल्याचा किंवा फाटल्याचा डाग बुजवायला त्याच रंगाचा तुकडा दुसरीकडे मिळणार नाही.